कापण्यांचा डबा आणि ‘भारी मळे’

शुक्रवार : बेळगाव ते कणकुंबी

आखाड लागला की मामींची कढई दोन दिवस खाली उतरत नाही. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेव. मग ही तळण लेकीबाळींकडं पोचवायचं काम मामांचं. पूर्वी ते लाल बसनं जायचे. गेली दोन वर्षं माझ्याकडं छोटी गाडी आहे, त्यामुळं ते काम आपोआप माझ्या गळ्यात आलंय. यंदा एक डबा कणकुंबीजवळच्या मावशीला, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीला, दुसरा भोजच्या माझ्या ताईला आणि मधे सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला मामींची ओटी. चार दिवसांचा बेत. ‘ह्या पावसात?’ एवढंच विचारून आमचे हे घर राखायला मागं राहिले.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या शाळांना पावसामुळं शुक्रवार-शनिवार सुट्टी जाहीर झाली होती. पोरांनी घराबाहेर पडू नये म्हणून दिलेली सुट्टी, आणि तिचाच फायदा घेऊन नववीतली माझी मुलगी मागच्या सीटवर चढून बसली. हे शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही.

सकाळी साडेसहाला मामा शहापुरात आमच्या दारात आले. मामा नंतर दिसले, आधी त्यांचा खिसा ऐकू आला. टिंग. मग टुडुंग. मग एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

मामांचं वय एकाहत्तर. वडगाव शिवारात दीड एकर भात. २०१९ च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी त्यात जे बसलं ते उठायलाच तयार नव्हतं, रोप कुजून गेलं. तेव्हापासून मामांनी हवामानाची ॲप गोळा करायला सुरुवात केली. आज त्यांच्या मोबाईलवर पाच आहेत. भारतीय हवामान खात्याचं ‘मौसम’, शेतीसाठी ‘मेघदूत’, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं (आयआयटीएम) केलेलं ‘दामिनी’, आणि दोन परदेशी, ज्यांची नावं मामा ‘निळं’ आणि ‘ढगवालं’ अशी सांगतात. सगळ्यांना परवानगी दिलेली. ॲपनं विचारलं की ‘होय’ म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. ‘बिचारं विचारायलंय, नको कसं म्हणायचं?’

मुलीनं वहीत नोंद ठेवली. बेळगाव ते जांबोटी या तीसेक किलोमीटरमध्ये मामांचा फोन सतरा वेळा वाजला. ‘आज कालपेक्षा एक अंशानं गार.’ ‘अतिनील किरणं कमी.’ ‘हवेची गुणवत्ता चांगली.’ ‘पंधरा मिनिटांत पाऊस सुरू होईल.’ हे शेवटचं आलं तेव्हा वायपर दुसऱ्या गतीवर होता आणि पुढचा ट्रक मला फक्त मागच्या लाल दिव्यांवरून समजत होता. एक इशारा तर रेनकोटच्या सवलतीचा निघाला. खरा म्हणावा असा इशारा सतरात एकच होता, बेळगाव जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. तो नेमका अतिनील किरणं आणि रेनकोट यांच्यामध्ये चेंगरला होता. मामांनी तो वाचलाच नव्हता.

मी म्हटलं, ‘मामा, हे सगळं बंद करा.’

‘आणि खरं काय आलं तर?’

ह्यावर गाडी चालवता चालवता माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कुसमळीच्या पुलावर मलप्रभा तांबडी, काठोकाठ. जांबोटीला चहा घेतला. पुढं झाडी दाट होते आणि पाऊस जात बदलतो. बेळगावातला पाऊस पडतो. इथला पाऊस नुसता असतो. वर, खाली, आडवा, गाडीच्या काचेच्या आतल्या बाजूलासुद्धा. गेले आठ-दहा दिवस तरणा पाऊस चालू होता, म्हणजे पुनर्वसूचा. पुष्याचा म्हातारा लागायला अजून दोन-तीन दिवस होते. हा तरणा खरोखरच अंगात आल्यासारखा कोसळत होता.

कणकुंबीला माउलीच्या देवळात थांबलो. इथंच मलप्रभेचा उगम. दगडी कुंडातलं पाणी पाहून मुलगी म्हणाली, ‘एवढीशीच?’ तासाभरापूर्वी पुलाखालून जी अंगावर येत होती ती हीच, हे तिला पटेना.

मावशीचं घर तिथून आत, चिखलाच्या वाटेनं. कौलारू, पुढं पडवी, पडवीला प्लास्टिकचा पडदा. नाचण्याची भाकरी, अळंब्यांचं सांबारं आणि चुलीची ऊब. डबा उघडून मावशीनं पहिली कापणी तोंडात टाकली आणि ‘वैनीनं गूळ कमी घातलाय’ म्हणाली. दरवर्षी म्हणते.

इथं रेंज म्हणजे पडवीच्या डाव्या खांबाला टेकून उभं राहिलं तर एक काडी, नाहीतर काहीच नाही. मामांचा फोन गप्प झाला. घरातली पहिली शांतता. आम्ही ऑरेंज अलर्टच्या मधोमध बसलो होतो आणि पाचपैकी एकही ॲप चकार शब्द काढत नव्हतं. उघडून बघितलं तर ‘निळं’ अजून शहापूरचाच पाऊस दाखवत होतं, खाली बारीक अक्षरांत ‘पाच तासांपूर्वी अद्ययावत’.

आणि रात्री नऊच्या सुमाराला माझ्या आणि मामांच्या, दोन्ही फोननी एकदमच सायरनसारखा आवाज काढला. मावशीच्या हातातलं भांडं पडलं. मांजर माळ्यावर. पडदाभर कन्नड मजकूर. मला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचताना मात्र अक्षरांची जिलबी होते, कारण आमच्या वेळी मराठी शाळेत ते एवढं मनावर घेत नसत. मुलीच्या पिढीला ते सुटत नाही. तिनं फोन हातात घेऊन खडखडीत वाचलं, त्यात ‘भारी मळे’ दोनदा आलं.

‘कुणाचे मळे?’ मावशी म्हणाली.

कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. हे मावशीलाही माहीत आहे, सत्तर वर्षं ती ह्याच सीमेवर राहते. पण भांडं पडल्याचा राग कुठंतरी काढायचा होता. ‘भारी मळे, भारी मळे! आमच्याकडं मळे नाहीत, चार वाफे हायत, तेबी पाण्याखाली.’

हा इशारा ॲपचा नव्हता. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम जो संदेश टाकतो, तो. त्याला नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. २०२३ मध्ये त्याच्या देशभर चाचण्या झाल्या तेव्हा सगळीकडं असाच दचका बसला होता, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी सेटिंगमध्ये शोधून तो बंद करून टाकला होता. मीही करणार होते, पण मला ते सेटिंग सापडलं नाही. माझ्या आळसाचा असा उपयोग झाला.

पंधरा मिनिटांनी दुसरा आला, इंग्रजीत. तो उत्तर गोव्याचा होता. घाटाच्या कडेला बसलेल्या फोनला पलीकडचा टॉवर लागला की तो स्वतःला गोव्यात समजतो. इथून कर्नाटकाचा इशारा बेंगळुरूहून निघणार, गोव्याचा पणजीहून, आणि जांबोटीच्या उत्तरेला चंदगड तालुका लागतो त्याचा मुंबईहून. ढग एकच.

झोपायच्या आधी मामांनी एक काम केलं. कापण्या परातीत काढल्या, मोकळा झालेला उभा स्टीलचा डबा अंगणात तुळशीपासून लांब, झाडाची पागोळी पडणार नाही असा दगडात बसवून ठेवला. तेव्हा साडेनऊ वाजले होते. ‘बघूया तर,’ म्हणाले.

शनिवार : कणकुंबी ते सौंदत्ती

सकाळी साडेसातला डबा आत आणला. डब्याच्या बाजू सरळ असल्या, वर-खाली रुंदी सारखी असली, तर आत जेवढी उंची तेवढा पाऊस. मग डबा लहान असो की मोठा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मुलीनं दप्तरातली पट्टी काढली आणि आत बुडवली. एकशे अठ्ठावीस. मग तिच्याच लक्षात आलं की पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी कोरी जागा असते. ती मोजली, चार मिलिमीटर. एकूण एकशे बत्तीस. दहा तासांत.

हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. आमचा डबा एका रात्रीतच दुसऱ्या पायरीवर उभा होता. मामा खांबाला टेकून काडी पकडत होते. ‘ढगवालं’ उघडलं. कणकुंबी, गेल्या चोवीस तासांत : अडतीस.

‘खोटं बोलायलंय,’ मामा म्हणाले. पाच वर्षं ज्याच्या प्रत्येक टिंगला मान दिला त्यानं दगा दिल्यासारखा चेहरा.

खोटं म्हणता येणार नाही. असली बरीच ॲप तुमच्या अंगणात काही मोजत नाहीत. संगणकातलं प्रारूप जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एक आकडा देतं. जगभरच्या प्रारूपांत हे चौकोन नऊ, बारा, पंचवीस किलोमीटरचे असतात. आपल्याकडं मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा. आणि इथं? समुद्रावरचा वारा गोव्याच्या बाजूनं घाटाला थडकतो, वर चढतो, गार होतो आणि माथ्यावर रिता होतो. पलीकडं बेळगावच्या अंगाला उतरेपर्यंत त्याच्यात दम उरत नाही. कणकुंबी, आमगाव ही माथ्यावरची गावं. इथून पन्नास किलोमीटरवर बेळगावात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर, आणि तिथून पुढं पूर्वेला पाच-सहाशेवर येतं. मोठ्या चौकोनात माथा आणि उतार एकत्र कालवले की भातात ताक जास्त झाल्यासारखं होतं. अडतीस.

मी हे मामांना भाताच्याच उदाहरणानं सांगितलं. मावशी म्हणाली, ‘मग मला विचारायचं की.’

निघायच्या आधी मुलीनं पडवीच्या डाव्या खांबापाशी मामांचा फोन हातात घेतला आणि दुरुस्तीला बसली. मी शेजारी होते, म्हणून नीट सांगता येईल.

पहिलं, शहापूर का दाखवत होतं. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरतानाच’ अशी होती. ॲप उघडं नसलं की त्याला मालक कुठं गेला हे कळतच नाही, शेवटचं ठाऊक असलेलं ठिकाण धरून ते इशारे देत राहतं. ‘मौसम’ आणि ‘दामिनी’ला तिनं ‘नेहमी’ दिलं. बाकीच्यांचं काढून घेतलं.

दुसरं, फोनची बॅटरी वाचवायची सोय. ही चालू असली की मागं चाललेली ॲप फोन स्वतःच झोपवतो. मग इशारे तुंबतात आणि ॲप उघडलं की शिळे सगळे एकदम ओततात. मामांना रोज सकाळी ‘काल संध्याकाळी पाऊस येणार’ असं कळायचं ते ह्यामुळं. ‘मौसम’ आणि ‘दामिनी’ ह्या दोघांना तिनं त्या यादीतून सोडवलं.

तिसरं मला स्वतःला माहीत नव्हतं. आलेला इशारा बोटानं दाबून धरला की खाली त्याची जात दिसते. एकाच ॲपच्या आत रोजचा अंदाज, पाऊस सुरू होण्याची सूचना, तीव्र हवामान, जाहिरात, अशा वेगवेगळ्या खिडक्या असतात आणि प्रत्येकीला वेगळी कडी. सगळं घर बंद करायची गरज नाही. तिनं ‘निळ्या’च्या सहापैकी पाच खिडक्या लावल्या, एक उघडी ठेवली, तिला मोठा आवाज दिला आणि झोपेच्या वेळेतही वाजायची मुभा दिली. ‘ढगवालं’ काढूनच टाकलं. मामांनी हळहळून बघितलं, पण बोलले नाहीत.

‘दामिनी राहूंदे हं,’ एवढंच म्हणाले. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर ते सांगतं. आखाडात त्याला फारसं काम नसतं. वळवाच्या दिवसांत मामा शिवारात असले की मामी घरातून त्याच्यावर नजर ठेवतात.

जांबोटीवरून खानापूर, तिथून बैलहोंगल, पुढं सौंदत्ती. मलप्रभा कधी डावीकडं, कधी उजवीकडं, तीच वाट धरून पूर्वेला चाललेली. बैलहोंगलच्या अलीकडं पाऊस थांबला. पुढं रस्ता कोरडा झाला. यल्लम्माच्या डोंगराखाली पोचलो तेव्हा मी चक्क गॉगल लावला होता. काळी रानं, मधेच ज्वारीची ताटं, वाऱ्याला धूळ.

आणि नेमका तेव्हा मामांचा फोन वाजला. दुरुस्तीनंतरचा पहिला इशारा. उघडी ठेवलेली खिडकी, मोठा आवाज. बेळगाव जिल्हा, रेड अलर्ट.

आम्ही तिघांनी वर बघितलं. निळं. नुसतं निळं.

‘आता काय करायचं?’ मुलगी म्हणाली. लाल म्हणजे ‘कृती करा’ हे तिला पाठ होतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा.

शेजारी नारळ विकणारी बाई हसायला लागली. कन्नडमध्ये म्हणाली, आमच्याकडं तीन आठवड्यांत थेंब नाही, तो लाल जरा इकडं पाठवा. बेळगाव जिल्हा १३,४०० चौरस किलोमीटरच्या आसपासचा. त्याला एक रंग लावायचा म्हणजे कणकुंबीच्या मावशीला आणि सौंदत्तीच्या ह्या बाईला एकाच मापाची चोळी शिवायची.

ओटी भरली. उतरताना नविलतीर्थाच्या धरणावर थांबलो. रेणुकासागर निम्म्याहून जास्त भरला होता आणि पाणी तांबूस होतं. मामा कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले.

‘हे कालचं अंगणातलं,’ म्हणाले.

इथं तीन आठवडे थेंब नाही आणि धरण चढतंय. मला तेव्हा ते नुसतं ऐकायला बरं वाटलं. त्याचा खरा अर्थ भोजला कळला.

रविवार : सौंदत्ती ते भोज, गोकाकवरून

सकाळी लवकर यरगट्टीमार्गे गोकाक. धबधब्यावर माणसांचा पूर. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली उडी घेते, घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून. एकोणिसाव्या शतकातली कापडगिरणी शेजारी, झुलता पूल पुढं. तुषार एवढे की लोक धबधब्याला पाठ करून फोन पुसत होते. पाणी चॉकलेटी, आवाज छातीत बसतो. ऊन मात्र लख्ख. मुलीनं करदंट घेतला, मामांनी दर विचारून नको म्हटलं आणि नंतर तिच्यातलाच खाल्ला.

संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली. ही आंबोलीतून निघते, आजरा, गडहिंग्लज करत इथं येते आणि पुढं घटप्रभेत जाते. म्हणजे गोकाकला उन्हात जे कोसळत होतं त्यात आंबोलीचंही पाणी होतं. मुलगी मोबाईलवर नकाशा उघडून नद्या बोटानं उलट्या दिशेला सरकवत होती. प्रत्येक वेळी बोट महाराष्ट्रात जाऊन थांबत होतं.

निपाणी गाठली, यमगर्णीला वेदगंगेवरच्या पुलावर आपसूक गाडी हळू झाली. २०१९ मध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत ह्याच ठिकाणी पाणी महामार्गावर आलं होतं. पुणे-बेंगळुरू रस्ता बंद, दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा. आज नदी पुलाखालीच होती, पण दोन्हीकडचा ऊस गुडघाभर पाण्यात उभा.

ताईकडं पोचलो तेव्हा ती गोठ्यात होती. म्हशी सोडून वरच्या आळीला न्यायच्या की नाही, ह्यावर दाजींशी वाद चाललेला. भोजजवळ वेदगंगा आणि दूधगंगा एकमेकींना मिळतात. कारदगा-भोज पुलावर सकाळीच पाणी आलं होतं. मलिकवाड-दत्तवाड आदल्या दिवशीच गेला होता. ही नावं दरवर्षी पेपरात ह्याच क्रमानं येतात, ताईला शाळेच्या कवितेसारखी पाठ आहेत. आणि भोजला पाऊस? नाही. दोन दिवस उघडीप. अंगणात वाकळ वाळत घातलेली.

दाजींनी त्यांचा फोन पुढं केला. ‘हे बघा. भोज. हिरवं. उद्या ऊन. ही उगंच घाबरायली.’

ताई म्हणाली, ‘पाण्याला वाचता येतं व्हय तुमचं हिरवं?’

मामा डबा घेऊन उभे होते. तो तसाच खाली ठेवून त्यांनी मुलीला हाक मारली. ‘पोरी, ती नदी उलटी सरकव बघू.’

सोमवार : भोज ते बेळगाव

रात्री उशिरापर्यंत आम्ही कट्ट्यावर बसून जे केलं ते असं.

वेदगंगा उलटी सरकवली की मुरगूड, मग गारगोटी, मग भुदरगडच्या डोंगरात पाटगावचं धरण. दूधगंगा उलटी सरकवली की राधानगरीकडचं काळम्मावाडी धरण. सगळं कोल्हापूर जिल्ह्यात. हवामान खात्याच्या विभागणीत भोज ‘उत्तर अंतर्गत कर्नाटका’त बसतं आणि गारगोटी ‘मध्य महाराष्ट्रा’त. भोजच्या फोनवर येणारा जिल्ह्याचा इशारा बेळगावचा. भोजच्या गोठ्यात येणारं पाणी कोल्हापूरचं. दाजींचं ॲप चुकत नव्हतं. भोजला ऊनच पडणार होतं. त्यांनी त्याला जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलंच नव्हतं.

‘मौसम’मध्ये आणखी ठिकाणं जोडता येतात. दाजींच्या फोनवर भोज ठेवलं, खाली गारगोटी आणि राधानगरी घातली. मामांचा आग्रह होता की पाटगाव पाहिजेच. ते यादीत सापडेना, मग ‘निळ्या’त नकाशावर धरणाशेजारी बोट दाबून खूण केली. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ २०२३ पासून आहे, त्यात कृष्णेवरच्या ठाण्यांची पातळी दिसते, तेही उतरवलं. कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं, हे ताईनंच सांगितलं. ‘एकोणीसला तसंच झालं. नदी चढली म्हणून नव्हं, उतरंना म्हणून आम्ही बुडालो.’

जिल्ह्याचा इशारा एकाऐवजी आता दोन, बेळगाव आणि कोल्हापूर. दाजी कुरकुरले, ‘म्हणजे दुप्पट वाजणार.’ मुलीनं त्यांच्याही खिडक्या लावल्या. रोजचा अंदाज बंद. पाऊस सुरू होणार बंद, ताई म्हणाली वाकळ उचलायला मला डोळे आहेत. राहिलं तीव्र हवामान, ते मोठ्या आवाजात.

एका गोष्टीवर एकमत झालं नाही. टॉवरवरून येणारा तो सायरन दाजींनी कधीच बंद करून टाकला होता आणि तो परत चालू करायला ते तयार नव्हते. म्हैस दचकते म्हणाले. मी कणकुंबीची गोष्ट सांगितली, इंटरनेट चालत नसताना तेवढाच एक आला होता म्हणून. तरी नाही. ताईनं तिच्या फोनवर मात्र चालू ठेवला, कन्नड असो की काही असो. ‘वाचता नाही आलं तरी ओरडला एवढं पुरं. दोन घरं सोडून मास्तर हायत वाचायला.’

आकड्यांची वेळ मामांनी समजावली. खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात. त्यामुळं गारगोटीचा आकडा नऊनंतर बघायचा, उठल्या उठल्या बघितला तर कालचाच असतो. ‘गारगोटीत शंभर पडला,’ दाजी हळूहळू म्हणाले, ‘तर आमच्याकडं दुसऱ्या दिवशी कळतं.’ हे त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांच्या वडिलांनाही माहीत होतं. ते गारगोटीहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला विचारायचे.

सकाळी म्हशी वर नेल्या. वाद मिटला म्हणून नाही, पाणी मागच्या परड्याला लागलं म्हणून. मी एका म्हशीची दोरी धरली होती आणि तिनं मला नेलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. वरच्या आळीत आधीच आठ-दहा जनावरं बांधलेली. ऊन असं की चिखल चकाकत होता. ज्यांना हे माहीत नाही अशा कुणी तो फोटो पाहिला तर म्हणेल, बाजार भरलाय.

निघताना ताईनं तळणीचा डबा रिकामा करून परत दिला. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून आत मूठभर साखर. मामांनी ती कागदात बांधून खिशात घातली आणि डबा परत तिच्या हातात दिला.

‘असूंदे तुझ्याकडं. अंगणात ठेव. सरळ बाजूचा हाय.’

दुपारी वडगावात पोचलो तेव्हा झिमझिम होती. मामा घरी न जाता तसेच शिवाराकडं वळले. बळ्ळारी नाला बांधाच्या खाली वीतभर होता. रोप उभं. मामा चप्पल हातात घेऊन बांधावर गेले, वाकले, पाण्यात बोट घालून बघितलं. खिशात फोन एकदाही वाजला नाही. त्यांनी दोनदा काढून बघितला, चालू आहे ना म्हणून.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला ताईचा फोन. म्हातारा लागून दोन-तीन दिवस झाले होते आणि बेळगावात नुसती भुरभुर होती.

‘गारगोटीला एकशे चाळीस,’ ताई म्हणाली. ‘म्हशी वरच हायत. दाजी ट्रॅक्टर काढायलेत. मामाला सांग, डब्यात आमच्याकडं तीनच मिलिमीटर.’

‘पट्टीची कोरी जागा धरून?’ मागून मुलगी ओरडली.

‘धरून.’